खिडकीवरचा दिवाणखाना

डोंगरात राहून ऑफिसचं काम करता येतं, असा शोध ज्यांनी लावला त्यांच्यावर माझा राग नाही. ती पंचविशीतली मंडळी असणार. त्यांची पाठ अजून त्यांचं ऐकते, आणि जमिनीवर टाकलेल्या भल्यामोठ्या लोळत्या पिशवीत बुडून ती दिवसभर काम करू शकतात. माझं वय चोपन्न. मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाची काच फुटली, कुणाचा फ्रीज जळाला, कुणाची बॅग भलत्याच विमानात गेली, की त्याचे फोटो आणि कागद माझ्याकडे येतात आणि त्यातलं खरं किती, बनाव किती हे मी ठरवतो. सव्वीस वर्षं ठरवतोय. खोटं बोलणाऱ्याला मी फोटोतल्या सावलीवरून पकडतो, अशी ऑफिसात माझी ख्याती आहे. ही ख्याती मीच पसरवली आहे, पण आहे.

तर असा हा मी, बायकोला घेऊन डोंगरातल्या एका हॉस्टेलात चौदा दिवस राहिलो, आणि त्या चौदा दिवसांत माझ्या सव्वीस वर्षांच्या अब्रूचं जे काही झालं ते दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो.

मूळ कारण बायकोचा गुडघा. ही शाळेत गणित शिकवायची. यंदा निवृत्त झाली, आणि त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांनी तिच्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरवली. घरी आल्यावर पिशवी खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, "त्याच्या आधी मला एकदा डोंगर चढून वरचं एखादं तळं बघायचंय. नंतर जमेल, न जमेल. आणि तुम्ही बरोबर हवेत."

"सहामाही अहवाल आहे गं," मी म्हटलं.

"रजा घ्या ना. केवढी साठलीय."

"मी रजेवर गेलो तर दावे कोण बघणार?"

ती "बरं" म्हणाली. सत्तावीस वर्षांच्या संसारात मला तिचे आठ-दहा प्रकारचे 'बरं' ओळखता येतात. हा त्यातला नव्हता. यात भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, काहीच नव्हतं. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी ही गोष्ट खालच्या मजल्यावरच्या काकांच्या कानावर घातली. काका निवृत्त इंजिनिअर आहेत. आयुष्यभर त्यांनी पूल बांधले, आता सल्ले देतात. पुलांवरून लोक सुखरूप गेले असं म्हणतात.

"अरे, त्यात काय एवढं?" काका म्हणाले. "हल्ली डोंगरात तसली हॉस्टेलं निघालीत. सगळे एकत्र राहतात, एकत्र स्वयंपाक करतात आणि दिवसभर आपापल्या ऑफिसचं काम करतात. तू तिथून काम कर, वहिनी तळं बघतील, संध्याकाळी तूही बघ. तुमचं ऑफिस घरून काम करू देतं की नाही?"

ऑफिस घरून काम करू देतं. पण घरून म्हणजे 'नोंदणीकृत निवासस्थानाहून'. दुसरीकडून करायचं तर एक फॉर्म भरावा लागतो. मी तो भरला. फॉर्म परत आला. नव्या जागेचं, स्वतःच्या नावावरचं वीजबिल जोडा, असा शेरा होता. मी लिहिलं, की मी तिथं चौदाच दिवस राहणार आहे. उत्तर आलं, की मग मागच्या तीन महिन्यांची वीजबिलं जोडा. मी हात टेकले. काकांनी मात्र हात टेकले नाहीत, चोळले.

"त्यांना काय दिसतं? तू आणि तुझ्या मागची भिंत. मग भिंतच घेऊन जा."

आणि इथंच घात झाला. आमच्या दिवाणखान्याचा एक फोटो काढून काकांनी मला फ्लेक्स छापणाऱ्याकडे पाठवलं. सोफा, पुस्तकांचं कपाट, पडदा आणि कोपऱ्यातला उंच दिवा, सगळं त्यात आलं होतं. छापणाऱ्यानं विचारलं, "मधोमध तुमचा फोटो टाकू का?" मी म्हटलं, "नको, मधोमध मी स्वतः बसणार आहे." त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग, या माणसाला सगळं सांगितलं नाही तर तो चुकीचं छापेल अशी भीती वाटून, मी त्याला सगळं सांगितलं. सव्वीस वर्षं मी लोकांच्या चुका तपासतोय. अनोळखी माणसाला नको तेवढं सांगणं ही त्यातली सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक.

हॉस्टेल छान होतं. म्हणजे बाहेरून. आत आमच्या वाट्याला एकावर एक पलंगांची खोली आली. गुडघ्यामुळे खालचा पलंग हिला, वरचा मला. व्यवस्था पाहणारी एक तिशीतली मुलगी होती. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'समन्वयक' असं लिहिलं होतं. तिनं हसून मला म्हटलं, "ये ना! चप्पल तिकडे काढ. आणि हे बघ, भांड्यांची पाळी तुझी सोमवारी." काका सोडले तर मला 'तू' म्हणणारं शेवटचं माणूस म्हणजे माझी आई. पण आईनंही मला भांड्यांची पाळी लावली नव्हती.

आता इंटरनेट. ते खोलीत नव्हतं, स्वयंपाकघरात नव्हतं, जिन्यात अधूनमधून यायचं. चोवीस तास खात्रीनं ते एकाच ठिकाणी होतं, हॉलमधल्या मोठ्या खिडकीपाशी. ही खिडकी म्हणजे त्या हॉस्टेलचा प्राण. भिंतभर काच, आणि समोर अख्खा डोंगर, धुक्यात अर्धा बुडालेला. लोक तिथं येऊन चहाचा कप हातात घेऊन नुसते उभे राहायचे. मी पहिल्याच सकाळी स्टुलावर चढून त्या खिडकीवर माझा दिवाणखाना टांगला.

संध्याकाळी सभा भरली. या हॉस्टेलात भांडण करत नाहीत, गोल करून बसतात. मध्ये स्वयंपाकघरातला एक लाकडी डाव फिरतो. ज्याच्या हातात डाव तो बोलणार, बाकीचे ऐकणार, आणि प्रत्येक वाक्य 'मला असं वाटतं' नं सुरू व्हायला हवं. बारा मुलामुलींना बारा प्रकारचं वाटलं. डाव माझ्याकडे आला. मी म्हटलं, "मला काही वाटत नाही. मला काम आहे." समन्वयक प्रेमानं म्हणाली, "असं वाटणं पण चालेल." शेवटी हिनं डाव घेतला आणि म्हणाली, "मला असं वाटतं, दहा ते बारा आणि तीन ते पाच पडदा लावावा, बाकी वेळ डोंगर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीस वर्षं पाचवी-सहावीचे वर्ग सांभाळलेल्या बाईपुढे लाकडी डाव काय चीज आहे!

गंमत म्हणजे चार दिवसांत त्या दिवाणखान्याला मागणी आली. कुणाला आईशी बोलायचं होतं आणि आईला आपण नीटनेटक्या घरात राहतो असं दाखवायचं होतं. कुणाची नव्या नोकरीची मुलाखत होती. फ्रीजवर तक्ता लागला. एक दिवस मला माझ्याच सोफ्यापुढे बसायला वीस मिनिटं थांबावं लागलं.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती. फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, छापणाऱ्यानं आपल्या दुकानाचा फोन नंबर छापला होता. बारीक अक्षरांत, पण छापला होता. कापावा तर कपाटाचा पायच कापला जात होता. म्हणून मी बैठकीच्या वेळी उजवं कोपर टेबलावर टेकवून, मान कलती करून, अंगानं तो नंबर झाकून बसायचो. तिसऱ्या दिवशी मान धरली. चौथ्या दिवशी ऑफिसातल्या एकीनं विचारलं, "खांद्याला काही झालंय का हो?" मी म्हटलं, "थोडं." बनाव असाच थोड्यापासून वाढतो.

तिकडे घरी त्याहून मोठं रामायण झालं. घरून काम करणाऱ्यांच्या खुर्च्या नीट आहेत का हे बघायला ऑफिसनं एक तपासनीस नेमला होता. माणसाची नाही, खुर्चीची तपासणी. तो आमच्या घरी पोचला. झाडांना पाणी घालायला काकांकडे किल्ली होती. काकांनी दार उघडलं आणि, मला वाचवायचं या एकाच सद्‌भावनेनं, तडक जाऊन माझ्या खुर्चीत बसले. तपासनिसानं विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी अंदाजानं उत्तरं दिली, कारण कानातलं यंत्र खालच्या मजल्यावर राहिलं होतं.

अहवालाची प्रत मला आली. 'खुर्ची समाधानकारक. कर्मचारी खुर्चीत आढळला. पाठीला बाक. वय नोंदीपेक्षा बरंच जास्त वाटतं. ऐकू जवळजवळ येत नाही.'

मी काकांना फोन केला. "अहो काका, हे काय केलंत?"

"अरे, आभार कसले मानतोस!" काका म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातले सगळे माझ्याशी ओरडून बोलू लागले. माझे वरिष्ठ तर माझ्याच हाताखाली शिकलेले. ते मला 'सर' म्हणतात, मी त्यांना 'साहेब' म्हणतो, त्यामुळे आमच्यात बोलणं कमी आणि मान जास्त होतो. तेसुद्धा एकेक शब्द सुटा करून, "सर! कसे! आहात!" असं म्हणाले. हेडफोनमधून तो आवाज असा आला की मी खुर्चीतून उडालो. मी लगेच परत कोपर टेकवलं. "खांदा पण दुखतोय बघा," कुणीतरी हळूच म्हणालं. ते मला स्वच्छ ऐकू आलं. ऑफिसात मला लोक घाबरतात असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्या हळू आवाजात भीती नव्हती, काळजी होती, आणि ती मला फार लागली.

या सगळ्यात तळं राहून गेलं होतं. हॉस्टेलच्या मागून वर जायला वाट होती, दोन तासांची. हिच्या गुडघ्यानं तीन. धुकं असलं की ती वाट बंद ठेवत, आणि धुकं रोजच होतं. मधे दोन दिवस दुपारपर्यंत, ऊन न पडताच, धुकं हटून वाट उघडली, पण त्या दोन दिवसांत मला एक जळालेला फ्रीज आणि एक हरवलेली बॅग होती. "उद्या नक्की," मी म्हटलं. हॉस्टेलातली मुलं वर निघाली होती. त्यांनी हिला बोलावलं, म्हणाली, "चला ना, आम्ही हळू चालू." मी फ्लेक्सच्या पुढे बसलो होतो. मला हॉलच्या दारातून तिचा आवाज आला, "नको रे बाळांनो. मी ह्यांच्याबरोबर जाणार आहे."

त्या दिवशीचा फ्रीज मी तीनदा तपासला तरी मला त्यात काही दिसेना.

तेरावा दिवस उजाडला तो लखलखीत. धुक्याचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची परतीची गाडी होती, म्हणजे तळ्याला जायचं तर आजच. समन्वयक सांगत आली, "दुपारनंतर वर ढग येणार आहेत. निघायचं तर साडेदहाच्या आत." ही आठ वाजल्यापासून बूट घालून, काठी घेऊन तयार होती. आणि दहा वाजता माझी सहामाही अहवालाची बैठक होती. सगळं ऑफिस, साहेबांच्याही वरचे दोघं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुमचं चालू द्या. मी इथेच खाली एक चक्कर मारते." आणि परत तेच म्हणाली, "बरं."

दहा वाजता मी फ्लेक्सपुढे बसलो. कोपर जागेवर, मान कलती. पडद्यावर सोळा चेहरे. साहेबांनी सुरुवात केली, "सर! ऐकू! येतंय!" मी मान डोलावली, जेवढी डोलत होती तेवढी. पहिला तक्ता उघडला आणि बोलायला लागलो. दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की कुणीच तक्त्याकडे बघत नाहीये. सोळाच्या सोळा जण माझ्या डोक्याच्या वर बघत होते.

बारा दिवस ऊन नव्हतं म्हणून जे कळलं नव्हतं ते आज कळलं. फ्लेक्स जाड असला तरी मागून ऊन पडलं की आरपार दिसतो. मी वळून पाहिलं. माझा दिवाणखाना आतून दिवा लावल्यासारखा उजळला होता, आणि सोफ्याच्या मधोमध, दोन उशांच्या वर, बर्फाच्या टोपीसकट अख्खा डोंगर उभा होता.

"सर!" साहेब ओरडले. "तुमच्या! सोफ्यातून! डोंगर! आलाय!"

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. सांगायला काहीही सांगता आलं असतं. भिंतीवरचं चित्र, मुलांचा खेळ, कॅमेऱ्याचा दोष. अशी सगळी कारणं मी लोकांच्या कागदांवर लाल पेनानं खोडत आलोय. मी कोपर काढलं, मान सरळ केली. बारा दिवसांनी सरळ झालेली मान कडकन वाजली.

"साहेब," मी म्हटलं, "मी घरी नाही. डोंगरात आहे. आणि मला उत्तम ऐकू येतं."

मग साहेब आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मला माहीत आहे, सर. तिसऱ्या दिवशीच कळलं. तुम्ही पाणी प्यायला वाकलात तेव्हा मागे नंबर दिसला. मला वाटलं नवा फोन घेतलात, म्हणून मी फोन केला. त्या गृहस्थांनी मला आधी बॅनरचे प्रकार सांगितले, मग तुमचं सगळं सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, सर पहिल्यांदाच कुठे बाहेर गेलेत. जाऊ द्या." मग म्हणाले, "ओरडून बोलायला मात्र मजा आली." वरचे दोघंही हसत होते. त्यांना कुणी काय सांगितलं होतं देव जाणे.

"बरं, सर, आता बैठक करायची ना?"

मी लॅपटॉपच्या वरून पाहिलं. हॉलच्या दाराशी बाकावर बसून ही बुटांच्या नाड्या सोडत होती. एक सोडून झाली होती. गुडघा नीट वाकत नाही, त्यामुळे तिला दुसरीपर्यंत हात पोचवायला वेळ लागत होता.

"साहेब," मी म्हटलं, "मला आज रजा हवी आहे."

"रजा?" सोळा जणांमधून कुणीतरी "अगंबाई!" म्हटलेलं मला ऐकू आलं.

"पण अहवाल..." मीच म्हणालो.

"तुम्ही परवाच पाठवलाय ना. आम्ही वाचलाय. आम्ही बघतो सर, तुम्ही जा."

'आम्ही बघतो.' इतकं साधं होतं ते. लॅपटॉप मिटला. मी हॉल ओलांडून गेलो, हिच्या पुढ्यात खाली बसलो आणि सुटलेली नाडी बांधायला घेतली. दोनदा गाठ चुकली.

"अहो, बैठक?"

"चल. साडेदहा वाजतील."

वाट मऊ होती, पण चढाची. गुडघा तिचा आणि धाप माझी, अशी आमची वाटणी झाली. ती काठी टेकत, एक पाय जपून टाकत, न थांबता चालत होती. मी दर वळणावर निसर्ग बघायचं निमित्त करून थांबत होतो. दीड तासानं एका सपाट दगडावर आम्ही दोघं टेकलो. तिनं मला पाण्याची बाटली दिली आणि समोर बघतच म्हणाली, "एक सांगू? मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्हाला माझ्याबरोबर यायचंच नसतं."

माझ्या घशात पाणी अडकलं.

"दरवेळी सहामाही, नाहीतर वार्षिक. मला वाटायचं, बहाणा आहे. माझ्याबरोबर तुम्हाला कंटाळा येत असेल, पण तोंडावर कसं सांगणार."

खोकला थांबेपर्यंत तिनं माझी पाठ थोपटली. मग मी बोललो. जे मी स्वतःशीही कधी धड बोललो नव्हतो ते. "कंटाळा नव्हता गं. भीती होती. मी रजेवर गेलो आणि ऑफिस नीट चाललं तर? मी नसलो तरी चालतंय हे त्यांना कळलं तर? म्हणून गेलो नाही."

"मग? आज कळलं त्यांना?"

"त्यांना आधीपासूनच माहीत होतं. आज मला कळलं."

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. तिनं माझा हात धरला, उठायला आधार म्हणून धरतात तसा, आणि उठल्यावर सोडला नाही. "मला नाही चालत," ती म्हणाली. "तुमच्यावाचून. एवढं तरी ऑफिसात सांगायचं की."

मी नाक ओढलं. उंचीवर सर्दी होते.

आम्ही वर पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता आणि ढग आमच्या आधी पोचले होते. तळं कुठंय ते पायाखालच्या ओल्या खड्यांवरून समजलं, एवढंच. पुढे सगळं पांढरं. ना पाणी, ना डोंगर, ना पलीकडचा काठ. बारा दिवस 'उद्या' म्हणणाऱ्या माणसाला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "सकाळी लवकर निघायला हवं होतं. त्या दोन दिवसांत यायला हवं होतं."

"हो, यायला हवं होतं," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नाही. मग तिनं काठीनं एक कोरडी जागा शोधली, पाय लांब करून बसली आणि शेजारची जागा हातानं झाडली. "बसा. उघडेल."

"आणि नाही उघडलं तर? किती वेळ बसायचं?"

"का? तुम्हाला कुठे जायचंय?"

मी खरोखरच आठवून पाहिलं. सवयीनं खिशाकडे गेलेला हात परत घेतला, पुन्हा एकदा आठवून पाहिलं, आणि तिच्या शेजारी बसलो.